खडपावरच्या बारा चौकटी: वर्षभराच्या नोंदी

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या खडपावर, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या कातळावर, बारा कायमच्या चौकटी ठरवायच्या आणि त्यांत राहणारी जनावरं, शेवाळं वर्षभर मोजायची, एवढंच काम. मी शाळेत शिकवतो, सागरी जीवशास्त्र शिकलेलो नाही. मदतीला पुतणी, ती अकरावी सायन्सला आहे. गावात दर वर्षी कुणीतरी म्हणतं, कालवं कमी झाली. किती कमी, कुठली कमी, कधीपासून, हे कुणालाच सांगता येत नाही, कारण मोजलेलीच नाहीत. म्हणून हे काम घेतलं. दुसऱ्या कुणाला आपल्या किनाऱ्यावर करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ वाचावा, यासाठी या नोंदी.

27 नोव्हेंबर 2023, कार्तिकी पौर्णिमा

पहाटे पाचला टॉर्च घेऊन उतरलो. पौर्णिमेला उधाण, म्हणजे ओहोटीही मोठी, असा हिशेब होता. पाणी उतरलं, पण खडपाचा खालचा पट्टा काही उघडा पडला नाही. तासभर थांबलो, तोवर पाणी चढायला लागलं. परतताना कालवांना जाणारी एक मावशी भेटली. म्हणाली, "मास्तरानू, थंडयेत सांजची सुकती बघूची. सकाळी काय गावतला?"

संध्याकाळी पाचला पुन्हा गेलो. पाणी सकाळपेक्षा चांगलं हातभर जास्त उतरलं होतं. सकाळी जिथं लाट फुटत होती तिथं आता हिरव्या मऊ झोअँथिडची (समुद्रफुलांच्या जातीची, एकमेकांना चिकटून वाढणारी जनावरं) चादर, खाचांत काळे काटेरी समुद्री अर्चिन आणि मिटून बसलेली समुद्रफुलं उघडी होती.

दिवसात दोन ओहोट्या असतात, हे शाळेत शिकवतो मी. त्या सारख्या नसतात हे कधी शिकवलं नव्हतं. घरी येऊन भरती-ओहोटीचं कोष्टक नीट वाचलं. आपल्या किनाऱ्यावर थंडीत संध्याकाळची ओहोटी खोल, मे महिन्यात पहाटेची खोल, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दोन्ही जवळजवळ सारख्या. पूर्ण वर्षाचं वेळापत्रक यावरच बसवायला हवं.

दुसरी चूक: मोबाइलमध्ये वेळा मुंबईच्या लावल्या होत्या. मुंबईला उधाणात चार मीटरांहून जास्त पाणी चढतं-उतरतं, आमच्याकडे त्याहून बरंच कमी, आणि वेळही वेगळी. जवळच्या बंदराची वेळ घ्यायची. आमच्या आजोबांचं गणित, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, मी पडताळून पाहिलं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण फोनला रेंज नसेल तेव्हा तेच कामाला येतं.

13 डिसेंबर 2023

मोजताना कातळावर टेकवायची चौकट तयार केली. पाऊण इंची पीव्हीसी पाइप, चार एल्बो, आतून 50 सेंटिमीटर, दर 10 सेंटिमीटरवर नायलॉनची दोरी. पंचवीस खाने, एक खाना म्हणजे चार टक्के. खर्च 280 रुपये. पहिल्याच लाटेत चौकट तरंगत गेली, पुतणीनं पोहून आणली. पाइपमध्ये हवा होती. घरी येऊन पाइपला सगळीकडे भोकं पाडली. आता पाणी आत शिरतं आणि चौकट जागेवर बसते.

उंची मोजायला गवंडीदादांकडून लेव्हल पाइप आणला, वीस मीटरचा पारदर्शक. दोघं लागतात, एक वर, एक खाली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं. आमचं पहिलं माप असंच चुकलं: खालची चौकट वरच्यापेक्षा उंच निघाली! नळी पुन्हा भरून घेतली. चार चौकटी वरच्या पट्ट्यात, चार मधल्या, चार खालच्या. वरचा पट्टा फक्त उधाणात भिजतो. तिथं भेगांमध्ये बारीक काळपट गोगलगायी आणि बाकी नागडा कातळ. मधल्यात बार्नॅकल (कातळाला चिकटून वाटीसारख्या कवचात राहणारं बारीक जनावर) आणि कालवं. खालच्यात शेवाळ, झोअँथिड, अर्चिन.

कोपऱ्यांवर पिवळ्या ऑइलपेंटचे ठिपके दिले. सूर्य सहाच्या सुमारास बुडाला, शेवटच्या दोन चौकटी टॉर्चवर केल्या. थंडीत संध्याकाळच्या ओहोटीची हीच अडचण. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेलं तर ओहोटी थोडी लवकर येते आणि उजेड मिळतो.

26 डिसेंबर 2023

रंग गेला. अठ्ठेचाळीस ठिपक्यांपैकी अकरा दिसले, तेही वरच्या पट्ट्यातले. खाली ओल्या कातळावर रंग धरलाच नव्हता, आणि जिथं धरला तिथं गोगलगायींनी वरचं शेवाळ खरवडताना तोही खरवडला. रंग आणि ब्रश मिळून 270 रुपये वाया. त्याहून वाईट म्हणजे समुद्रात रंगाचे पापुद्रे गेले ते माझ्यामुळे. पुन्हा कुणी खडपावर रंग लावू नका.

11 जानेवारी 2024

बॅटरीचा ड्रिल भाड्यानं आणला, दिवसाला 500. कातळ दोन प्रकारचा आहे. काळा दगड इतका कठीण की मेसनरीची तीन पाती गेली (80 रुपयांचं एक), आणि जांभा इतका ठिसूळ की भोक पाडलं की कडा सुटते. काळ्या दगडात सहा मिलिमीटरचं भोक, चार सेंटिमीटर खोल, त्यात स्टेनलेस स्क्रू आणि वरून दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. जांभ्यात तेच केलं. आठ चौकटी झाल्या, पाणी आलं.

जागा निवडताना एक नियम ठेवला: जिवंत काही असेल तिथं भोक नाही. एका डबक्याच्या भिंतीवर तळहाताएवढं पिवळसर प्रवाळ आहे. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाइतकंच वरचं संरक्षण आहे, मेलेला तुकडा उचलणंही गुन्हा. ते डबकं कामातून पूर्ण वगळलं. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत कुणाचा किनारा येत असेल तर वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय भोक सोडाच, चौकटही टेकवू नका.

12 जानेवारी 2024

ड्रिलचा दुसरा दिवस. उरलेल्या चार. कालची जांभ्यातली पुट्टी हातानं ओढली तर स्क्रूसकट बाहेर आली, भोकाच्या भिंतीचा भुगा तिला चिकटलेला. जांभ्याला स्क्रू नाही, हे ठरलं. त्या तीन चौकटींसाठी दुसरी रीत: काळ्या दगडातल्या दोन पक्क्या स्क्रूंपासून टेपनं अंतर घ्यायचं. दोन अंतरं जुळली की कोपरा मिळाला. शिवाय प्रत्येक चौकटीचा फोटो, आजूबाजूच्या भेगांसकट. हे आधीच केलं असतं तर ड्रिलचा एक दिवस आणि अर्धी पुट्टी वाचली असती.

नंबरासाठी गुरांच्या कानाला लावतात ते पिवळे बिल्ले घेतले, 300 रुपयांना पाकीट. ऊन, मीठ, लाटा, कशानं आकडा पुसत नाही. एवढी एक खरेदी पहिल्या फटक्यात बरोबर झाली.

26 जानेवारी 2024

पहिली पूर्ण मोजणी. झेंडावंदन करून, दुपारी झोप काढून चारला उतरलो. शाळेची तीन मुलंही आली.

चौकट 5 पुतणीनं आणि मी वेगवेगळी मोजली. एका खान्यात तिची बार्नॅकल 212, माझी 147. पुन्हा मोजली, पुन्हा तेच. मग बसून एकेक बघितलं. ती रिकामी घरंही मोजत होती. जिवंत बार्नॅकलच्या तोंडाशी दोन झडपा घट्ट मिटलेल्या असतात, मेलेल्याची नुसती वाटी उरते. दोन्ही वेगळे लिहायचे असं ठरलं, कारण रिकाम्या वाट्याही काही सांगतात. पुष्कळ मेलेल्या कालवांच्या शिंपेला बारीक गोल भोक होतं, सुईनं पाडल्यासारखं. शिंपल्याला भोक पाडून आतलं खाणाऱ्या खडबडीत शंखाचं ते काम. दोन चौकटींत तो शंख हजर होता.

पंचवीसच्या पंचवीस खान्यांतली बार्नॅकल मोजणं जमत नाही, डोळे फिरतात. चार कोपरे आणि मधला, असे पाचच खाने मोजतो, पण दर वेळी तेच पाच. चालणारी जनावरं मात्र सगळ्या चौकटीतली. शेवाळ टक्क्यांत.

फोटोंवर आभाळाची चमक येत होती. घरची काळी छत्री आणली, तिच्या सावलीत काढले, एकदम स्वच्छ. मुलांपैकी एकाचं काम फक्त छत्री धरणं.

मुलांनी खालच्या पट्ट्यातले दगड उलटून पाहिले. मीच उलटायला सांगितले. खाली ठिसूळ हातांचे भंगुरतारे, चपटे खेकडे, नारिंगी स्पंज, कुणाची तरी अंड्यांची फीत. सगळे दगड परत ठेवले असं मला वाटलं.

10 फेब्रुवारी 2024

एक राहिला होता. ओंजळभर आकाराचा दगड, उलटाच. दोन आठवडे त्याची खालची बाजू उन्हात होती. नारिंगी स्पंज पांढरा पडून कागदासारखा सुकला होता, अंड्यांच्या फितीची नुसती खूण. जी बाजू खाली गेली तिच्यावरचं शेवाळ कुजून काळं. एका दगडाच्या दोन्ही बाजू माझ्या हलगर्जीपणानं गेल्या. मुलांना घेऊन गेलो आणि दाखवलं. आजपासून दगड उलटणं बंद. दगडाखालचं मोजल्याशिवाय आमचं काम अडत नाही.

चौकट 11 आणि 12 सापडल्या नाहीत. जागा बरोबर होती, वाळू आली होती. हात घातला तर कोपरापर्यंत वाळू, तळाशी बिल्ला लागला. पावसाळ्यात समुद्र पुळणीची वाळू ओढून नेतो आणि नंतर हळूहळू परत आणतो, हे जन्मापासून बघतोय. तरी चौकट मांडताना लक्षात आलं नाही. पहिल्यांदा हलवणार होतो, पण हलवली नाही. वाळूखाली जाणारा कातळही खडपच.

10 मार्च 2024

रविवार. चौकट 6 मधली कालवं जवळजवळ गेली. जानेवारीत 38 होती, आज 7. खालचा शिंपला कातळाला चिकटलेला, पांढरा लख्ख, वरचा उडवलेला. माणसाचं काम. मला राग आला, हे लिहून ठेवतो. थोड्या अंतरावर मावशी आणि आणखी दोघी टोच्यानं कालवं फोडत बसल्या होत्या, डब्यात गर टाकत. जाऊन म्हणालो की त्या पिवळ्या बिल्ल्यातली काढायला नको होती. मावशी शांतपणे म्हणाली, "तुम्ही आमका सांगल्यात कधी?"

नव्हतं सांगितलं. त्यांच्या सासूच्या काळापासून त्या इथं बसतात. मी चार महिन्यांपूर्वी आलो, ठोकाठोक केली आणि कुणाला विचारलं नाही. तिथंच बसून काय करतोय ते सांगितलं. एकीनं विचारलं, मोजून कालवं वाढणार काय? म्हटलं, वाढणार नाहीत, पण कमी झाली असं आपण म्हणतो ते खरं की नाही, ते कळेल. मावशी उठली आणि उत्तरेकडचा एक मोठा गोटा दाखवला. लाट अंगावर येते म्हणून तिथं कुणी बसत नाही. तिथं तेरावी चौकट केली. सहावी तशीच ठेवली. आता एक काढणीची आणि एक न काढणीची, दोन्ही मोजता येतील. हे मला सुचलं नव्हतं.

स्क्रूंवर तांबूस डाग. स्टेनलेस म्हणून घेतले होते, 304 ग्रेडचे निघाले, समुद्राच्या पाण्यात ते टिकत नाहीत. 316 चे बोल्ट रत्नागिरीहून मागवले, 420 रुपये. आधीच्या स्क्रूंचे 160 गेले. खरेदी करताना ग्रेड विचारून घ्या.

10 एप्रिल 2024

पाडव्याचा दुसरा दिवस. आता पहाटेची ओहोटी. सहाला पाणी सर्वांत खाली, उजेड होतच होता. बोल्ट बदलले. लिंपेटवर, म्हणजे छत्रीसारखा शिंपला घेऊन कातळाला चिकटणाऱ्या गोगलगायींवर, मागच्या महिन्यात पुतणीनं नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. सहांपैकी चार त्याच बोटभर जागेत बसलेल्या. कातळाला त्यांच्या शिंपल्याच्या आकाराची खळगी पडली आहे, कड कडेला बसते. भरतीत चरायला जायचं आणि पाणी उतरायच्या आत आपल्या खळगीत येऊन बसायचं. बराच वेळ आम्ही दोघं नुसतं बघत होतो, मोजणी तशीच राहिली.

1 मे 2024

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, अष्टमी, भांगाचे दिवस, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते. आज मोजणी नाही, फक्त तापमान. भांगात ओहोटी ऐन दुपारी येते आणि भरतीचं पाणी वरच्या पट्ट्यापर्यंत पोचतही नाही. म्हणजे वरच्या डबक्यांना दिवसेंदिवस नवं पाणी नाही आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन.

दुपारी साडेबारा, इन्फ्रारेड थर्मामीटर (1,100 रुपये) आणि साधा काचेचा. काळा कातळ 51 अंश. वरचं डबकं 39. मधलं 35. समुद्र 31. वरच्या गोगलगायी भेगेत एकमेकींवर चढून बसलेल्या, उघड्या कातळावर एकही नाही. छत्रीच्या सावलीतला कातळ दहा मिनिटांत 44 वर आला. भेगेचं मोल त्या आकड्यात कळलं. पुढच्या वर्षी प्रत्येक चौकटीत भेगांची लांबीही लिहिणार.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, 1,650 रुपये. समुद्र 33 दाखवत होता, म्हणजे हजार भागांत 33 भाग मीठ. कमी वाटला.

25 मे 2024

पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, पहाटेची ओहोटी वर्षातल्या खोल ओहोट्यांपैकी. पावसाआधीची शेवटची मोजणी. मधल्या पट्ट्यात बार्नॅकलच्या रिकाम्या वाट्या जानेवारीच्या दुप्पट. खाली झोअँथिड आक्रसलेले, कडेनं फिकट.

रिफ्रॅक्टोमीटरचं कोडं सुटलं. शून्य लावायला मी घरच्या बोअरचं पाणी वापरलं होतं. आमची बोअर समुद्राजवळ, तिचं पाणीच मचूळ. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं, शून्य पुन्हा लावलं. आधीचे सगळे आकडे दोननं कमी होते. वहीत लाल शाईनं दुरुस्त केले, जुने खोडले नाहीत.

22 जुलै 2024

दोन आठवडे उतरता आलं नाही. पावसाळ्यात खालच्या पट्ट्याचा विचारही करत नाही. नियम: दोघांशिवाय जायचं नाही, समुद्राकडे पाठ करायची नाही, वहीपेक्षा जीव मोठा. गमबूटही नकोत, पाणी भरलं की पाय उचलत नाही. नाडीचे कॅनव्हासचे बूट बरे.

आज सकाळी तासभर उघडीप. वरच्या चारच चौकटी. वरच्या डबक्याचा खारेपणा 6. जवळजवळ गोडं पाणी. मे महिन्यात तेच डबकं वाळत वाळत 48 वर होतं. त्यातले इवले मासे मात्र आहेत, धक्का लागला की एका डबक्यातून दुसऱ्यात उडी मारतात. मेमध्येही होते. एवढ्याशा जिवानं दोन महिन्यांत काय काय सोसलं ते बघा.

20 ऑगस्ट 2024

नारळी पौर्णिमा काल झाली. समुद्र जरा निवळला. वरचा पट्टा ओळखू येईना. मेमध्ये जिथं नागडा काळा कातळ होता तिथं तपकिरी-जांभळं पातळ शेवाळ, ओल्या प्लास्टिकसारखं चिकटलेलं. हे पोर्फायरा, कोकणात फक्त पावसाळ्यात येतं. चौकट 2 मध्ये 60 टक्के. मेमधली नोंद: शून्य. मी एकाच ऋतूत मोजून थांबलो असतो तर हा पट्टा ओसाड आहे असं लिहून मोकळा झालो असतो.

चौकट 11 आणि 12 उघड्या पडल्या. वाळू गेली, बिल्ले शाबूत. कातळ घासून स्वच्छ, त्यावर पांढरे टाचणीच्या डोक्याएवढे नवे बार्नॅकल. एका खान्यात 90.

खर्चाची बेरीज केली. चौकट, रंग, दोन दिवस ड्रिल, पाती, दोन्ही प्रकारचे स्क्रू-बोल्ट, पुट्टी (360), बिल्ले, दोन्ही मापकं मिळून 5,780 रुपये. त्यातले 1,350 माझ्या चुकांचे. मापकं नसती तरी काम झालं असतं. चौकट, टेप, छत्री, बोल्ट आणि बिल्ले, एवढ्यावर कुणीही सुरू करू शकेल.

3 ऑक्टोबर 2024, घटस्थापना

पुन्हा संध्याकाळची ओहोटी. वर्षाची शेवटची मोजणी, पाच वाजता सुरू, पावणेसातला टॉर्चवर संपली. पोर्फायरा सुकून पापुद्रे उडताहेत, आणखी काही दिवसांत नाव राहणार नाही. चौकट 12 वर वाळू परत यायला लागली, बोटभर.

चौकट 6, काढणीची: मोठी कालवं 9, आणि नव्यानं बसलेली, करंगळीच्या नखाएवढी, 23. चौकट 13, न काढणीची: मोठी 41, नवी 17. काढलेल्या कालवांचे पांढरे खालचे शिंपले कातळावर तसेच आहेत आणि नव्या 23 पैकी 14 त्यांच्याच आत बसली आहेत. एका वर्षावरून निष्कर्ष काढणार नाही, पण पुढच्या वर्षी जुन्या शिंपल्यावर किती आणि कोऱ्या दगडावर किती, हे वेगळं लिहायचं. वहीत रकाना पाडला.

मावशी टॉर्चच्या उजेडात वाकून बघत होती. नखाएवढी कालवं तिनं स्वतः मोजली, तीही 23.

पुढची तारीख 15 नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा, संध्याकाळी.